ख्रिश्चन कॉलेजात प्रवेश मिळालाय, पण तिथे मी रमेन का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी, बारावीपर्यंत मराठी माध्यम, मुंबईतल्या एका नावाजलेल्या ख्रिश्चन कॉलेजात बी.ए.ला प्रवेश, राहायला हॉस्टेल. आईला धास्ती वाटते की तिथे प्रार्थनेला बसवतील, पुढेमागे धर्म बदलायला लावतील. मुलीला स्वतःला वाटतं की फेस्टिव्हल, कमिट्या, नाटक हे सगळं फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचं. आपण तीन वर्षं लेक्चर आणि हॉस्टेल एवढंच करून परत येऊ. आणि शेवटच्या ओळीत, टिकली लावून गेलं तर चालेल का, असंही विचारलंय.

मी मुंबईतल्याच एका ख्रिश्चन कॉलेजात २६ वर्षं मराठी शिकवलं. त्यातली ११ वर्षं एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, माझ्याकडे होतं, नंतर कॉलेजच्या फेस्टिव्हलची शिक्षक-प्रतिनिधी होते. मी ख्रिश्चन नाही. नोकरीला लागले तेव्हा माझ्या आईनेही मला हेच विचारलं होतं, त्यामुळे तुझ्या आईचा प्रश्न मला अजिबात खुळा वाटत नाही.

तू दोन भीती एकत्र बांधून लिहिल्या आहेस. आईची भीती धर्माची आहे आणि तुझी परकेपणाची. आईच्या भीतीचं उत्तर कायद्यात आणि अनुभवात तयार आहे. तुझ्या भीतीचं तसं नाही, तिथे तुला थोडे हातपाय हलवावे लागतील. म्हणून आधी आईचं सांगते.

राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. विद्यार्थी १८ वर्षांखालचा असेल तर ती संमती पालकांची लागते. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क कलम ३० ने दिला आहे, पण त्या हक्काच्या नावाखाली तुला प्रार्थनेला बसवता येत नाही. आईला हे कलम मोठ्याने वाचून दाखव.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. कॅथलिक कॉलेज असेल तर वर्षाच्या सुरुवातीला एक मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, असते, कधी कॉलेज ज्या संताच्या नावाचं आहे त्याच्या सणाला असते, नाताळच्या आधी कॅरोल्स असतात. नोटीस लागते, ज्याला यायचं तो येतो. माझ्या पहिल्या वर्षी मी हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि लोक उभे राहिले, बसले, गुडघ्यावर टेकले की माझी तारांबळ उडत होती. शेजारी उभे असलेले म्हातारे फादर हळूच म्हणाले, "तुम्ही नुसत्या बसून राहा, कुणाला काही वाटत नाही." शेवटी लोक रांगेने पुढे जाऊन कम्युनियन, म्हणजे फादरांच्या हातची पवित्र भाकरी, घेतात. ती रांग फक्त कॅथलिकांची, आपण जागेवर बसायचं. एवढं माहीत असलं की अवघडल्यासारखं होत नाही. कुतूहल म्हणून गेलीस तर जा, नाही गेलीस तर हजेरीपटावर त्याची कुठे नोंद नसते.

व्हॅल्यू एज्युकेशन नावाचा तास मात्र बहुतेक ठिकाणी सगळ्यांना असतो आणि त्याची हजेरी लागते. नाव ऐकून पालक दचकतात. मी तो तास अनेक वर्षं घेतला. व्यसन, मैत्री, घरात कुणी गेल्यानंतरचं दुःख, पैसा कसा वापरायचा, कॉपी का करू नये, असले विषय असत. काही कॉलेजांत ख्रिश्चन मुलांसाठी बायबलचा वेगळा वर्ग असतो आणि बाकीच्यांसाठी हा. तुला चुकून दुसरीकडे बसवलं तर ऑफिसात सांगून बदलून घे, त्यात भांडण्यासारखं काही नाही.

आईच्या भीतीला इतिहास आहे, हेही मान्य केलं पाहिजे. मुंबईच्या विल्सन कॉलेजचं मूळ १८३२ सालच्या जॉन विल्सन यांच्या शाळेत आहे. ते स्कॉटिश मिशनरी होते आणि धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबईत गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी भराभर मुलं काढून घेतली. ही आठवण आपल्याकडे अजून कुठेतरी शिल्लक आहे. पण त्यानंतर काय झालं तेही बघ. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे विल्सनचे विद्यार्थी. मोरारजी देसाईही तिथलेच. जेझुइट या कॅथलिक संघाच्या जर्मन फादरांनी १८६९ मध्ये काढलेल्या सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास या स्पॅनिश जेझुइटाने १९२६ मध्ये भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था सुरू केली, आणि १९७३ पासून तिथल्या मुलांचा इंडियन म्युझिक ग्रुप हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतासाठी राबतो. जानेवारीत त्यांचा जानफेस्ट हा संगीत महोत्सव होतो. दगडी कमानींच्या मधल्या चौकात सतारी-तंबोरे लागलेले असतात. आईला तिथे एकदा घेऊन जा.

माझ्या २६ वर्षांत एखाद्या विद्यार्थ्यावर कॉलेजने धर्म बदलायचा दबाव आणल्याचं मी पाहिलं नाही. कॉलेजबाहेरच्या प्रार्थनागटांची पत्रकं वाटणारे मात्र क्वचित भेटतात, तसे इतर कॉलेजांबाहेर इतर पंथांचेही भेटतात. नको असेल तर "नको, थँक्यू" म्हणून पुढे जायचं. कुणी मागेच लागलं तर शिक्षकांना सांग. आम्ही अशा गोष्टीत लक्ष घालायचो, आताचे शिक्षकही घालतात.

एक गोष्ट मला इथून सांगता येणार नाही, कारण ती कॉलेजवर अवलंबून आहे. ख्रिश्चन कॉलेज म्हणजे एकच एक प्रकार नसतो. जेझुइट फादरांचं कॉलेज, सिस्टरांनी चालवलेलं मुलींचं कॉलेज, विल्सनसारखं प्रोटेस्टंट परंपरेचं कॉलेज, डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये काढलेलं अहमदनगर कॉलेज, या सगळ्यांचं वातावरण वेगवेगळं आहे. सिस्टरांच्या कॉलेजात शिस्त जास्त, त्या मानाने मुली मोकळेपणाने पुढे येतात, कारण स्टेजवरचा दिवाही मुलीच लावतात आणि टेबलंही मुलीच उचलतात. मोठ्या स्वायत्त कॉलेजात कमिट्या पन्नास, पण गर्दीही तशीच. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरी आणि बायबल कॉलेजं ही वेगळीच गोष्ट, त्यांच्याबद्दल ऐकलेलं तुझ्या कॉलेजला लावू नकोस.

आता तुझं.

पहिल्या पंधरवड्यातच पॅसेजमध्ये टेबलं मांडलेली दिसतील. रंगीत चार्ट, मोठमोठ्याने हाका मारणारे सीनियर, हातात फॉर्म. ड्रॅमॅटिक्स, म्युझिक, डिबेट, मराठी वाङ्मय मंडळ, एनएसएस, फेस्टिव्हलच्या डझनभर खात्यांची भरती. ऑगस्टच्या मध्यावर झेवियर्सचं मल्हार नावाचं फेस्टिव्हल होतं, बाकीच्यांची फेस्टिव्हलं त्याच्या पुढेमागे, त्यामुळे भरती घाईत होते. त्या गोंधळात खेड्यातनं आलेली मुलं काय करतात, ते मी दरवर्षी बघत आले: चार्ट वाचतात, दोन पावलं मागे सरतात आणि लायब्ररीत जाऊन बसतात. लायब्ररीत बसण्यात वाईट काही नाही, पण ती मागची दोन पावलं मला दिसायची.

आणि इथे माझी चूक सांगायलाच हवी. सुरुवातीची सहा-सात वर्षं मुलाखतींना मी बसायचे, तेव्हा जी मुलं छान बोलायची तीच मी घेतली. बोलणं म्हणजेच काम असं मी धरून चालले होते. मग एका वर्षी नगरकडचा एक मुलगा आला. तुला काय येतं, असं विचारलं. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मॅडम, मांडव घालता येतो." गावच्या गणपती मंडळात तो दहावीपासून ते काम करत होता. सीनियर हसले. तरी त्याला स्टेजच्या टीममध्ये घेतलं. फेस्टिव्हलच्या आदल्या संध्याकाळी पाऊस आला आणि चौकातलं छत मधोमध पाणी धरून फुगायला लागलं. डेकोरेटरची माणसं निघून गेली होती. या मुलाने बांबू मागवला, खालून छताला टेकू दिला, कडेच्या दोन दोऱ्या सैल केल्या आणि सगळं पाणी एका बाजूने बागेत उतरवलं. साउंडवाल्याची उपकरणं वाचली. तिसऱ्या वर्षी तोच स्टेजचा प्रमुख होता, आणि जे हसले होते त्यांचे धाकटे भाऊबंद त्याच्या हाताखाली काम करत होते.

तेव्हापासून मी मुलाखतीत एकच प्रश्न विचारायचे: घरी किंवा गावात तू कुठलं काम न सांगता करतेस? हा प्रश्न तूही स्वतःला विचार. कमिटीतल्या मुलाखतीला जाताना ते उत्तर तयार ठेव. हिशोब ठेवता येतात, पन्नास माणसांचा स्वयंपाक किती लागतो हे कळतं, रांगोळी येते, अक्षर चांगलं आहे, भांडणं मिटवता येतात, काहीही असेल. फेस्टिव्हल बाहेरून चकचकीत दिसतं, आत तो एका लग्नघराचा कारभार असतो. लग्नघरात तू उपयोगी पडत असशील तर इथेही पडशील.

इंग्रजीचं म्हणतेस, तर ते शिकावंच लागेल, त्याला सुटका नाही. लेक्चर इंग्रजीत, पेपरही बहुधा इंग्रजीत. पहिलं सत्र जड जातं, दुसऱ्यापासून कान तयार होतो. पण तुझं मराठी हा तिथे कमीपणा नाही, तुझ्यासारख्या मुलांच्या मराठीने मला फार वेळा वाचवलं आहे. एकदा आमची सगळी हुशार टीम ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यातून दोनदा परत आली होती. पहिल्या वर्षाची एक मुलगी, सांगलीकडची, कोपऱ्यात बसून पास कापत होती. ती म्हणाली, अर्ज मी लिहू का? कोरा फुलस्केप घेतला. "प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक", खाली विषय, खाली तारीख, वेळ, किती स्पीकर, जबाबदार व्यक्ती कोण, सोबत काय जोडलं आहे. दहा मिनिटांत अर्ज तयार, समासासकट. वडील ग्रामपंचायतीत कामाला होते, असले अर्ज तिने शंभरदा पाहिले होते. दुसऱ्या दिवशी परवानगी आली. मंडपवाला, टेम्पोवाला, पालिकेचं वॉर्ड ऑफिस, सगळ्यांशी बोलायला मग तिलाच पाठवू लागले. त्या ये-जा करण्यात ती त्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची मैत्रीण झाली, आणि इंग्रजीही त्यांच्याशी भांडता भांडता शिकली.

माझं मत विचारशील तर पहिल्या वर्षी दोनच गोष्टी धर. एक तुझ्या सवयीची, एक नवी. सवयीची म्हणून मराठी वाङ्मय मंडळ ठीक आहे. तिथे पहिल्या दिवसापासून तोंड उघडता येतं. पण फक्त तिथेच राहिलीस तर तीन वर्षं मराठी मुलांतच फिरशील, म्हणून दुसरी गोष्ट मुद्दाम वेगळी घे. पाच कमिट्यांचे फॉर्म भरून एकीतही न टिकणारी मुलं दरवर्षी निम्मी तरी असतात, आणि फेब्रुवारीत त्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत. जी मुलगी एकाच कामाला नियमाने येते तिच्यावर दिवाळीपर्यंत काहीतरी सोपवलं जातं. किल्ली, रजिस्टर, पैशांची पेटी, काहीही. ज्या दिवशी तुझ्या हातात किल्ली येईल त्या दिवसापासून कॉलेज तुझं.

एनएसएसबद्दल मी पक्षपाती आहे, तरी सांगते. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असं त्याचं गणित असतं. शिबिर खेड्यात असतं. मुंबईची मुलं तिथे पहिल्या रात्री बावरतात आणि तू तिथे घरी असतेस. वर्षभर ज्यांच्याकडे तू दबून बघत होतीस ती मुलं चूल कशी पेटवायची हे तुला विचारायला येतात. मैत्री बरोबरीची व्हायला असे सात दिवस फार उपयोगी पडतात. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक काम यांना श्रेयांक (क्रेडिट) धरले जातात, त्यामुळे घरी "अभ्यास सोडून हे काय" असं कुणी म्हणालं तर उत्तर आहे. कुठल्या सत्रात किती श्रेयांक, ते तुझ्या कॉलेजच्या माहितीपुस्तकात बघ.

आणखी एक काम सुचवते, त्याला मुलाखत नसते आणि ते कुणी फारसं सांगत नाही. अनेक ख्रिश्चन कॉलेजांत दृष्टिबाधित विद्यार्थी असतात. झेवियर्समध्ये तर त्यांच्यासाठी २००३ पासून स्वतंत्र केंद्र आहे. त्यांना वाचून दाखवणारे आणि परीक्षेत लेखनिक म्हणून बसणारे विद्यार्थी कायम हवे असतात. माझी एक विद्यार्थिनी एका मुलाला अर्थशास्त्र वाचून दाखवायची. मागणी-पुरवठ्याचा आलेख आला तेव्हा ती अडली. मग तिने त्याचा तळहात उघडला आणि बोटाने एक रेघ खाली उतरती काढली, दुसरी वर चढती. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे बोट टेकवून म्हणाली, "ही किंमत." तिला स्वतःलाही तो आलेख त्याच दिवशी समजला, असं तिने मला नंतर सांगितलं. इंग्रजी मोठ्याने वाचायची सवय याहून चांगली कुठे लागणार?

हजेरीचं मात्र जपून. साधारण ७५ टक्क्यांची अट असते आणि डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी, लागली की फेस्टिव्हलचा प्रमुख तुझ्यासाठी काही करू शकत नाही. कमिटीच्या कामासाठी लेक्चर बुडणार असेल तर आधी शिक्षकांची सही घेतलेलं पत्र जमा करायचं. नंतर आणलेलं पत्र बहुतेक जण घेत नाहीत, मीही घेत नसे. फेस्टिव्हलच्या आठवड्यात कुणी रोज रात्री उशिरापर्यंत थांबायला सांगेल, तेव्हा हॉस्टेलच्या गेटची वेळ सांगून निघायचं. वेळेत जाणाऱ्या मुलीला कुणी कामावरून काढत नाही.

हॉस्टेलला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी आईला सोबत घेऊन विचार: गेट किती वाजता बंद होतं आणि उशीर झाल्यास काय करायचं, मेसमध्ये शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का, आणि स्थानिक पालक म्हणून कुणाचं नाव लागतं. वॉर्डन सिस्टर असतील तर त्यांच्याशी आईचं बोलणं तिथेच करून दे. मी पाहिलंय, दोन बायका मुलीच्या जेवणाबद्दल बोलायला लागल्या की धर्माचा विषय निघतच नाही. रॅगिंगचा जरासा जरी त्रास झाला तर गप्प बसू नकोस. १८००-१८०-५५२२ हा यूजीसीचा क्रमांक २४ तास चालू असतो, आणि प्राचार्यांनाही लेखी कळव.

कपड्यांचं तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या प्रश्नात ते कुठेतरी आहे असं मला वाटलं. फेस्टिव्हलला काम करणाऱ्यांना सगळ्यांना एकच टी-शर्ट मिळतो आणि तो घातला की कोण कुठलं ते कळत नाही. इतर दिवशी तुझे पंजाबी ड्रेस पुरेत.

आणि टिकलीचं राहिलं. लाव. आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या बायका लावायच्या, त्यात मराठी ख्रिश्चन मॅडमही होत्या. बांगड्या, गंध, हातातला धागा, कशालाही कुणी काही म्हणत नाही. गळ्यात आयकार्ड मात्र हवं, त्याच्याशिवाय गेटवरचे काका आत सोडत नाहीत, मग तू कुठल्याही धर्माची अस.